पिकअप खाली घेतली तेव्हा

संत्र्याचं कलम गाडीत चढवताना ठणठणीत असतं आणि शेतात उतरवताना त्याची पिशवी हाताला सैल लागते. आतला मातीचा गोळा फुटलेला असतो. वरून काही दिसत नाही. पानं हिरवी, पिशवी साबूत. पण मुळांचे केसासारखे तंतू तुटलेले असतात, आणि लागवडीनंतर तीन आठवड्यांनी फोन येतो, "ताई, कलमं लागली नाहीत." दोन पावसाळे मी असे फोन घेतले. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा मीच भरलेला, पाणी मीच घातलेलं; कलमांत खोट नव्हती. खोट गाडीत होती, आणि ते कळायला मला दोन वर्षं लागली.

आमची रोपवाटिका काटोल रोडला, नागपूर शहर संपतं त्याच्या थोडी पुढे. पिकअप 2014 सालची, जुनी घेतलेली. आधीचा मालक काटोल-नरखेडकडून कळमन्याच्या मार्केटात संत्र्याचे क्रेट आणायचा. गाडी मागून इतकी उंच होती की रिकामी उभी असली म्हणजे मान खाली घालून चरणाऱ्या बैलासारखी दिसायची. विकताना तो अभिमानाने म्हणाला होता, "पाटे वाढवलेले आहेत, दोन टन हसत उचलते." पाटे म्हणजे मागच्या चाकांवर वजन झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. मलाही तेव्हा ते चांगलंच वाटलं. मजबूत गाडी मिळाली, असं मी घरी येऊन सांगितलं.

मजबुतीचा हिशोब मी कधी मांडलाच नव्हता. एक कलम पिशवीसकट साधारण अडीच किलोचं. अडीचशे कलमं म्हणजे सव्वासहाशे किलो. एवढ्या वजनाखाली ते पाटे वाकतच नव्हते. गतिरोधकावरून गाडी गेली की मागचा हौदा उडायचा आणि धाडकन बसायचा, आणि प्रत्येक बसण्यात पिशव्यांमधली माती हलायची. शिवाय हौद्याची जमिनीपासून उंची 93 सेंटिमीटर झालेली. बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात, तरी कलमं चढवायला कुणाला हात लावू देत नाहीत. एकेक पिशवी छातीपर्यंत उचलताना त्यांचा श्वास ऐकू यायचा. गाडी खाली घ्यायचीच, हे मी त्या श्वासामुळे ठरवलं. मातीच्या गोळ्याचं गणित नंतर जुळलं.

घरात सगळ्यात जास्त आनंद भाच्याला झाला. त्याने मोबाइलवर चाकांवर पोट टेकलेल्या पिकअप गाड्यांचे व्हिडिओ दाखवले. "मावशी, पुढूनही घेऊ ना खाली. पुढच्या कॉइलचे दोन वेटोळे कापले की झालं." दिसायला त्या गाड्या सुंदर होत्या, हे मी कबूल करते. आणि एका गॅरेजवाल्याने तर हेही सुचवलं की, मागचे पाटे गॅसने तापवून द्या, आपोआप बसतात, तासाभराचं काम. दोन्हीला मी लगेच नाही म्हटलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

ज्यांनी माहीत करून दिलं ते मिस्त्री काका कामठी रोडला, ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे बसतात. चाळीस वर्षं फक्त पाट्यांचंच काम. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मला विचारलं, "ताई, किती खाली घ्यायची?"

"जितकी जमेल तितकी," मी म्हटलं.

"तसं नाही चालत. कंपनीने जिथे ठेवली होती तिथवर घेऊन देतो. त्याच्या खाली एक सूतही नाही."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. भाच्याने लगेच विचारलं, की काऊन नाही? लोक तर पाटे आणि एक्सलच्या मधात ब्लॉक, म्हणजे लोखंडी ठोकळा टाकतात, एक्सल (मागची दोन चाकं जोडणारी नळी) पाट्याच्या वर घेतात. काकांनी त्याला हात धरून गाडीखाली नेलं आणि बॅटरी मारून दाखवलं. आमच्या गाडीत पाटे एक्सलच्या वर बसलेले आहेत. मधात ब्लॉक टाकला तर गाडी खाली येणार नाही, आणखी वर जाईल. ब्लॉकने खाली येते ती पाटे एक्सलच्या खालून असलेली गाडी. एक्सल उचलून पाट्याच्या वर घेतलं तर नळीची जाडी अधिक पाट्यांची जाडी एवढी, म्हणजे पाचेक इंच, गाडी एकदम बसेल. मग त्यांनी एक्सलवर पंजा ठेवला आणि वर चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, असलेल्या रबराच्या गुटक्यापर्यंत बोटं ताणली. "कंपनीच्या उंचीवर इथे तीन-सव्वातीन इंच राहतात. तू पाच खाली आणतो. एक्सल जाईल कुठे? चासीत. मग चासी कापा. अन् चासी कापली की वजन कोणावर टाकशील?"

भाचा गप्प झाला. मीही.

वेटोळे कापण्याबद्दल ते तेवढ्याच गंभीरपणे बोलले. कॉइलचं टोक ज्या खाचेत बसतं ती खाच त्या टोकाच्या आकाराची असते. कापलेलं टोक तिथे नीट बसत नाही, आणि चाक हवेत लटकलं की स्प्रिंग जागची हलू शकते. शिवाय पुढची उंची बदलली की चाकांचा कॅम्बर (उभा कल) आणि टो (आत-बाहेर वळलेपण) दोन्ही बदलतात, टायर एका कडेने खाल्ले जातात. आणि गॅसने तापवणं? त्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "पाट्याला पाणी दिलेलं राहते. आग लावली की ते पाणी उतरते. मग तो पाटा नाही राहत, नुसतं लोखंड राहते." पोलादाला तापवून, थंड करून जी लवचीकता आणलेली असते ती त्या जागेपुरती मरते, आणि पुढे कधीतरी नेमका तिथेच पाटा बसतो किंवा तुटतो.

कायद्याचा भागही मी इथेच सांगून टाकते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीत नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आमची गाडी मालवाहू आणि आठ वर्षांच्या वरची, म्हणजे फिटनेस दर वर्षी. उलट बाजूनेही हे लागू पडतं: पाटे वाढवले म्हणून आरसीवरची वजनाची क्षमता एक किलोनेही वाढत नाही. जादा वजनाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 असा दंड आहे. आधीच्या मालकाचं "दोन टन हसत" याच हिशोबात बसत होतं.

आता कंपनीची उंची नेमकी किती, हा प्रश्न. काकांनी मला गृहपाठ दिला: त्याच मॉडेलची, त्याच सुमाराची, पाट्यांना हात न लागलेली गाडी शोधा, सपाट जागी रिकामी उभी करा, टायरची हवा बरोबर करा आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजायचं नाही, कारण टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते. चाकाचा मध्य हा खरा बिंदू. हिंगणा रोडला एका दूधवाल्या भाऊंकडे तशी गाडी मिळाली. त्यांची दोन्ही बाजूंना 44 सेंटिमीटर. माझी डावीकडे 51.5, उजवीकडे 52. म्हणजे साडेसात सेंटिमीटर जादा, आणि त्यातही वाकडी. अधिकृत सर्व्हिस सेंटरात चासी नंबर देऊन पार्टची यादी बघितली, तर कंपनीचे पाटे हेल्पर (जास्त वजन आलं की टेकणारा पाटा) धरून सात. माझ्या गाडीत दहा होते.

ते जादाचे तीन पाटे दुसऱ्याच कुठल्या मोठ्या गाडीचे होते. कंपनीचा पाटा 8 मिलिमीटर जाड, हे 10. मला वाटलं दोन मिलिमीटरने काय होतं. काकांना आकडा सांगता येत नव्हता, पण हाताला माहीत होतं. आकडा मी घरी येऊन मांडला. रुंदी आणि लांबी तीच असेल तर पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. दहाला आठाने भागा, सव्वा. सव्वाचा घन म्हणजे 1.95. दोन मिलिमीटर जाडीने प्रत्येक पाटा जवळजवळ दुप्पट ताठ, आणि असे तीन. माझी कलमं त्यावर उडत होती.

मी म्हटलं, मग तीन काढून टाका, उरलेले सात ठेवा. काकांनी उरलेल्या सातांच्या वरच्या पाट्यावर बोट फिरवायला सांगितलं. पोपडे लागले. त्या पाट्यांना पूर्वी भट्टीत घालून जादा बाक दिलेला होता. काकांचं म्हणणं स्पष्ट होतं, की यांचा भरवसा मी घेत नाही. दोन्ही बाजूंचा नवा सेट घ्यावा लागला, 17,400 रुपये. मन कचरलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या एका ठिकाणी तर असंही सुचवलं होतं की तुमचं वजन कमी आहे, कंपनीच्यातलाही दुसरा पाटा काढून टाका, आणखी मऊ होईल. ते काकांना सांगितल्यावर त्यांनी नव्या सेटचा कान दाखवला. पहिल्या पाट्याच्या टोकाला रबराचा बुश बसायचा डोळा, म्हणजे गोल भोक असतं, आणि दुसऱ्या पाट्याचं टोक त्या डोळ्याभोवती वळवलेलं असतं. चालत्या गाडीत पहिल्याचा डोळा तुटला तर एक्सलला धरून ठेवणारं तेवढंच उरतं. तो पाटा वजनासाठी आहे असं समजून काढणारा माणूस नकळत शेवटचा आधार काढत असतो.

काम ठरलं मेच्या दुसऱ्या आठवड्यात. पाऊस पडला की कलमांचा हंगाम, त्याच्या आत गाडी तयार हवी होती. काकांनी सकाळी सहाला बोलावलं. कारण ऊन. नागपुरात मे महिन्यात दहानंतर लोखंडाला हात लावता येत नाही, हे तर आहेच. पण त्यांचं दुसरं कारण मला नवं होतं. दुकानासमोर डांबराची ऐसपैस जागा असूनही ते तिथे गाडी कधीच उचलत नाहीत. 45 डिग्रीत डांबर मऊ पडतं, जॅक आणि घोडी (उचललेली गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) त्यात हळूहळू रुततात, इतक्या हळू की खाली झोपलेल्याला समजत नाही. गाडी आत, सिमेंटच्या फरशीवर घेतली.

मग त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, लाकडाचे ओट लावले. मी म्हटलं, हँडब्रेक ओढलाय आणि गाडी गिअरमध्ये आहे. त्यावर ते थांबले आणि मला समोर बसवून समजावलं, "हँडब्रेक कोणत्या चाकाले लागते? मागच्या. गिअर कोणती चाकं धरते? मागची. अन् आपण उचलून कोणती राहिलो?" मागची. म्हणजे मागची चाकं जमिनीवरून सुटली त्या क्षणी हँडब्रेक आणि गिअर दोन्ही निरुपयोगी. गाडी फक्त त्या चार लाकडांवर उभी असते. मी सतरा वर्षं गाडी चालवते आहे, पंक्चरसाठी किती वेळा मागचं चाक उचललं असेल. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जॅक एक्सलखाली लावून गाडी उचलली, चासीखाली, पाट्याचं पुढचं टोक जिथे अडकतं त्या हँगरच्या जरा पुढे, दोन घोड्या ठेवल्या. जॅक सोडून चासी घोड्यांवर बसवली, काकांच्या हाताखालच्या पोराने बाजूने ढकलून बघितली. हलली नाही तेव्हाच काका आत गेले. जॅक मात्र एक्सलखालीच टेकून राहिला, कारण पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सुटले की एक्सल त्याच्यावरच राहणार. एक्सल मोकळं खाली पडलं तर ब्रेकचा होज, म्हणजे रबरी नळी, ताणला जातो.

यू-बोल्ट गंजलेले, ते कापावेच लागले. नाही तरी परत वापरायचे नव्हतेच. एकदा ताणून बसलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही. शिवाय जुने दहा पाट्यांच्या मापाचे लांब होते. सात पाट्यांवर ते लावले तर नट आटे संपेपर्यंत जातो, हाताला घट्ट लागतो आणि पाटे मात्र आत सैल राहतात. म्हणून नवे, आखूड.

पाटे उतरवल्यावर जुन्या जुडग्याचा सेंटर बोल्ट खोलायची वेळ आली, तेव्हा काकांनी भाच्याला आणि मला चार पावलं मागे उभं केलं. बाक दिलेले दहा पाटे एका बोल्टवर दाबून धरलेले असतात. तो सुटला तर ते उसळतात. त्यांनी जुडगं मोठ्या शिकंज्यात धरलं, बोल्ट काढला, आणि मग शिकंजा पाव-पाव फेरा सैल करत गेले. पाटे एकमेकांपासून सुटताना बारीक करकर आवाज करत होते. शेवटचे सुटले तेव्हा पहिला आणि दहावा यांच्यात वीतभर अंतर पडलं होतं. हे काम मी घरी कधी केलं नसतं, आणि कुणी करू नये.

एक्सलच्या बैठकीवर लोखंडाची एक पाचर निघाली. गाडी उंच केल्यावर गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या शाफ्टचा उतार वाढतो आणि त्याचे सांधे, म्हणजे क्रॉस, लवकर जातात. कुणीतरी एक्सल थोडं तिरपं करून ते सांभाळायला पाहिलं होतं. साठच्या पुढे पायाखाली जी थरथर यायची ती याचीच. उंची मूळची झाली की पाचर राहिली तर कोन उलट बिघडणार, म्हणून ती काढली. अशा प्रत्येक जोडकामावर काका "हेही पाहा" म्हणून बोट ठेवत होते. आधीच्याने उंची बदलली, मग तिच्यामागे बाकीच्या वस्तू एकेक करून बदलत गेला. आता आम्हाला त्या सगळ्या उलट्या क्रमाने शोधायच्या होत्या. शॉकअब्सॉर्बरसुद्धा लांब जातीचे निघाले. काकांनी एक पूर्ण दाबून मापला आणि गुटका एक्सलला टेकेल तेव्हा शॉकसाठी किती जागा उरते ते मापलं. शॉक दोन सेंटिमीटर लांब पडत होता. म्हणजे खड्ड्यात गुटका टेकायच्या आधीच शॉक तळाला लागला असता आणि सगळा धक्का त्याच्या दांड्याने घेतला असता. कंपनीच्या मापाची नवी जोडी घेतली.

नवे पाटे चढवताना दोन गोष्टींना त्यांनी खूप वेळ दिला. सेंटर बोल्टची मुंडी एक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसली का, हे बॅटरीने आणि मग बोटाने बघितलं. ती भोकाच्या कडेवर चढली तर एक्सल सरकतं आणि गाडी रस्त्यावर तिरपी धावते. दुसरं, डोळ्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचं एक टोक चासीला टांगणाऱ्या झुलत्या कडीचे) बोल्ट त्यांनी हवेत आवळलेच नाहीत. नुसते अडकवून ठेवले. गाडी जमिनीवर उतरवली, हौद्यावर आम्ही दोघं चढून चार वेळा हललो, उतरलो, आणि मग खाली झोपून बोल्ट आवळले. रबराचा बुश ज्या स्थितीत आवळाल ती त्याची विश्रांतीची स्थिती होते. चाकं लटकलेली असताना आवळला तर गाडी उतरवल्यापासून तो कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षाच्या आत फाटतो. यू-बोल्टचे चारही नट तिरप्या जोडीने, थोडेथोडे, आणि शेवटी टॉर्क पान्याने सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर. प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची रेघ.

मापलं. डावीकडे 44, उजवीकडे 44.2. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर दोन्ही बाजूंना दोरी धरून घेतलं, फरक तीन मिलिमीटर. गुटक्याखाली आठ सेंटिमीटर जागा. दुपारचा एक वाजला होता, पत्र्याच्या शेडखाली आम्ही सगळे घामाने निथळत होतो, आणि मला वाटलं काम झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि भाचा मिहानकडे गेलो. तिथले रस्ते रुंद, त्या वेळेला रिकामे. गाडी मऊ धावत होती, गतिरोधकावरून उतरताना धाडकन आवाज नाही, थरथर नाही. मागे कुणी नाही हे पाहून चाळीसच्या वेगात मी ब्रेक जोरात दाबला. मागची चाकं जागीच कुलूप लागल्यासारखी थांबली, टायर किंचाळले आणि गाडीचं शेपूट डावीकडे घसरलं. मी पाय सोडला तेव्हा गाडी अर्धी आडवी होती. रस्ता कोरडा होता, वेग फक्त चाळीस. ओल्या रस्त्यावर साठला काय झालं असतं ते मला लिहायचं नाही.

तशीच हळू, हॅझर्ड लावून, काकांकडे आणली. ते खाली गेले आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझीच चूक आहे ताई. एवढं पाहून घ्यायचं होतं मले."

मागच्या एक्सलवर एक बारीक दांडा असतो, तो वर चासीवरच्या एका व्हॉल्व्हला जोडलेला असतो. मेकॅनिक त्याला एलएसपीव्ही म्हणतात, वजन ओळखणारा व्हॉल्व्ह. वजन त्याला थेट कळत नाही. त्याला फक्त उंची कळते. माल भरला की चासी एक्सलजवळ येते, दांडा व्हॉल्व्हचा हात वर ढकलतो, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब जातो. गाडी रिकामी असली की चासी वर, हात खाली, दाब कमी, म्हणजे हलकी झालेली मागची चाकं कुलूप होत नाहीत. आमची गाडी पाटे वाढवून उंच केली तेव्हा व्हॉल्व्हला ती कायम रिकामीच वाटायला लागली, भरल्या गाडीत मागचे ब्रेक लागेनात. त्यावर कुणीतरी दांड्याला तुकडा वेल्ड करून तो लांब केला होता. आता आम्ही गाडी मूळ उंचीवर आणली, दांडा मात्र लांबच राहिला. रिकामी गाडी व्हॉल्व्हला गळ्यापर्यंत भरलेली वाटत होती.

वेल्डिंगचा सांधा चिखलाने झाकलेला होता, म्हणून सुटला. पण मला त्या दिवसापासून उंचीकडे बघण्याची नजरच वेगळी झाली. पिकअपच्या मागच्या भागाची उंची म्हणजे ब्रेकला मिळणारा निरोप आहे. ती वर करा की खाली, निरोप खोटा होतो. आणि रस्त्यावर मी बघते ना, मागून वाढवलेल्या कितीतरी गाड्या, कुठे दांडा तारेने बांधलेला, कुठे काढूनच टाकलेला.

नवा दांडा अधिकृत सर्व्हिस सेंटरातून घेतला आणि व्हॉल्व्ह तिथेच, रिकाम्या गाडीवर, मॅन्युअलमधल्या मापाप्रमाणे बसवून घेतला. काकांनी स्वतः सांगितलं की हे माप माझ्याकडे नाही, तिथूनच करा. तिसऱ्या दिवशी पुन्हा मिहान. आधी वीसला, मग तीसला, मग चाळीसला. गाडी नाक किंचित दाबून सरळ रेषेत थांबली. मग पाचशे किलो खत भरून परत तेच. सरळ.

उरलेली कामं लहान होती. चाकांची अलाइनमेंट करून घेतली, कारण मागून खाली आल्याने पुढच्या चाकांचा कॅस्टर (वळण्याच्या आसाचा मागे झुकलेला कोन) वाढला. स्टिअरिंग आता वळणावरून स्वतःहून जास्त सरळ येतं, ते मला आवडलं. हेडलाइटची गोष्ट मात्र दोन रात्री ध्यानात आली नाही. भंडारा रोडला समोरचे सगळे मला डिपर देत होते. मागून उंच गाडीचे लाइट खाली पडायचे म्हणून कुणीतरी ते वर उचललेले होते, आणि आता मागून खाली आल्यावर ते लोकांच्या डोळ्यांत जात होते. रोपवाटिकेच्या भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी केली, लाइटच्या मध्याच्या उंचीची खडूची रेघ भिंतीवर ओढली आणि लो बीमची वरची कड तिच्या खाली 10-12 सेंटिमीटर येईपर्यंत स्क्रू फिरवला. खडू धरायला बाबा होते.

शंभर किलोमीटरनंतर आणि परत पाचशेनंतर यू-बोल्ट तपासायला या, असं काकांनी बजावलं होतं. नवे पाटे एकमेकांवर बसतात, रंगाचा थर दबतो आणि जुडगं किंचित बारीक होतं. शंभरला नट जवळपास पाव फेरा फिरले. पाचशेला पिवळ्या रेघा जागेवर होत्या.

जूनच्या शेवटी पहिली फेरी काटोलच्या पुढे, 240 कलमं. उतरवताना मी प्रत्येक पिशवी हाताने दाबून बघितली, शेतकरी भाऊ वैतागेपर्यंत. गोळा फुटलेली चार निघाली. ती मी परत आणली, सावलीत ठेवली, तीन जगली. हौदा आता जमिनीपासून साडेपंच्याऐंशी सेंटिमीटरवर आहे. बाबा पिशवी छातीपर्यंत नेत नाहीत, पोटाजवळून सरळ फाळक्यावर ठेवतात.

जुने पाटे काकांनी भंगारात घालू का विचारलं होतं. मी ते मागून घेतले आणि आमच्याकडच्या लोहाराकडे नेले. त्याने 10 मिलिमीटरचा एक पाटा वाजवून पाहिला, खूश झाला, भट्टीत घातला. त्या पाट्यांची आता रोपवाटिकेत अकरा खुरपी आहेत.